चारमिनार : पाहावा कसा, टिपावा कसा

ज्या इमारतीचे चित्र लहानपणापासून डोळ्यांसमोर असते, ती इमारत प्रत्यक्ष पाहणे अवघड जाते. चारमिनारच्या बाबतीत याचा अनुभव नेहमी येतो. महबूब अली खान व उस्मान अली खान या शेवटच्या दोन निजामांच्या रुपयावर चारमिनारची आकृती असे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीला हाली सिक्क्याबरोबर चारमिनारही असे, मग त्यांनी हैदराबादेची वाट तुडविलेली असो वा नसो. आज ती आकृती दुकानांच्या पाट्यांवर, मिठाईच्या खोक्यांवर आणि घरोघरच्या मोबाईलमध्ये आहे. त्यामुळे होते असे की, मंडळी हैदराबादेस जातात, चारमिनारकडे पाठ करून आपले छायाचित्र काढून घेतात आणि बांगड्यांच्या बाजाराकडे वळतात. परत आल्यावर ‘चारमिनार पाहिला का?’ असे विचारले तर ‘पाहिला’ म्हणतात. पण त्याच्या कमानी कोणत्या दिशेला उघडतात, घड्याळे किती आहेत, वरच्या मजल्यावर काय आहे, असे विचारले म्हणजे मुलेच काय, वडील मंडळीही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

आपल्या ट्रस्टच्या सभासदांपैकी बहुतेकांना वर्षातून एकदा तरी हैदराबादेस जावे लागते. कोणी दवाखान्यासाठी जातो, कोणी मुलांच्या परीक्षेसाठी, कोणी कचेरीच्या कामासाठी, तर कोणी लग्नाच्या बस्त्यासाठी. त्या खटाटोपातून अर्धा दिवस काढता येतो. तो कसा सत्कारणी लावावा आणि आपल्या हातून निघालेले छायाचित्र पुढच्या पिढीला उपयोगी कसे पडावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

राजधानी आणि आपण

आदिलाबादहून हैदराबाद रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर आहे. निर्मळ, कामारेड्डी मागे टाकीत राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्याला थेट तेथे नेतो. आगगाडीने जाणारे किनवट, मुदखेड, बासर, निजामाबाद असा वळसा घालून सिकंदराबादेस उतरतात. वाट कोणतीही असो, शेवटचे स्थानक शतकांपासून एकच आहे. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ पासून तो आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, पण राजधानी तीच राहिली. आपल्याच जिल्ह्यातले किनवट व राजुरा हे तालुके १९५६ साली मुंबई राज्यात गेले, तेव्हा तेथल्या सोयऱ्याधायऱ्यांची राजधानी बदलली. आपली बदलली नाही. म्हणून चारमिनार हे आपल्या घरच्या इतिहासातलेच एक पान आहे, असे समजावयास हरकत नाही.

भाषेच्या दृष्टीनेही तेथे परकेपणा वाटू नये. चारमिनार बांधविणारा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह स्वतः दख्खनी भाषेत काव्य करीत असे. त्या दख्खनीत मराठीचा अंश आहे. लाड बाजारातला दुकानदार ‘नक्को’ म्हणतो, तो आपलाच ‘नको’ होय. आणि ‘ऐसाइच’ या शब्दातला शेवटचा ‘च’ हा आपल्या ‘असाच’ मधला ‘च’ आहे. कान उघडे ठेवून गेलेल्या मराठी माणसाला त्या चौकात आपले शब्द भेटतात.

इमारत काय सांगते

चारमिनार १५९१ साली बांधला. त्याच सुमारास हिजरी सनाचे हजारावे वर्ष लागले. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात वस्ती दाटली होती, पाणी पुरेनासे झाले होते. तेव्हा मुसी नदीच्या दक्षिण तीरावर नवे शहर वसविण्याचे ठरले आणि त्याच्या मध्यभागी ही इमारत उभी राहिली. शहराची आखणी इराणातून आलेले मंत्री मीर मोमिन अस्त्राबादी यांची मानतात.

चारमिनार का बांधला, याबद्दल अनेक कथा आहेत. महामारी ओसरली म्हणून बांधला, असे एक सांगतो. हजारावे हिजरी वर्ष उजाडले त्याची खूण म्हणून, असे दुसरा सांगतो. भागमतीच्या प्रेमाची कथा तर सर्वांच्या तोंडी आहे. मुलांना या कथा जरूर सांगाव्यात. पण त्या कथा आहेत हेही सांगावे. मग त्यांना म्हणावे, ‘आता इमारतीलाच विचारा.’

इमारत उत्तर देते. ती चौरस आहे. प्रत्येक बाजू सुमारे २० मीटर. चारही बाजूंना ११ मीटर रुंदीची एकेक कमान असून, त्या कमानी पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा चार मुख्य दिशांना उघडतात. त्यांच्यापासून चार रस्ते निघतात. म्हणजे ही इमारत नव्या शहराच्या चौकाचा मध्य म्हणूनच आखलेली होती. चार कोपऱ्यांवर चार मिनार असून त्यांची उंची जमिनीपासून सुमारे ४९ मीटर, म्हणजे १६० फुटांच्या आसपास भरते. मिनाराच्या पोटातून वळणावळणाच्या १४९ पायऱ्या वर जातात. सर्वांत वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या अंगाला मशीद आहे. मक्का आपल्या पश्चिमेस असल्यामुळे मशिदीची जागा त्याच अंगाला असणार, हे मुलांच्या सहज ध्यानात आणून देता येते. हल्ली प्रवाशांस पहिल्या मजल्यापर्यंतच जाऊ देतात.

पहिल्या मजल्यावरून चारही दिशा पाहाव्यात. उत्तरेस चार कमान व त्यांच्या मधला गुलजार हौज दिसतो. चार कमानी १५९२ च्या, म्हणजे चारमिनारच्या पाठोपाठच्या. पश्चिमेस लाड बाजार. नैऋत्येस मक्का मशीद. तिचे काम कुतुबशाही सुलतान मुहम्मद याच्या काळात १६१७ च्या सुमारास सुरू झाले आणि गोवळकोंडा १६८७ साली पडल्यानंतर औरंगजेबाच्या अमलात, १६९४ साली पुरे झाले. एका जागी उभे राहून दोन राजवटी दिसतात. इतिहासाच्या पुस्तकातली दोन प्रकरणे समजावून सांगण्यास याहून सोयीची जागा क्वचित मिळेल.

छायाचित्राची साक्ष

आता छायाचित्राकडे वळू. छायाचित्र आठवण म्हणून काढतात, हे खरे. पण काही वर्षे लोटली म्हणजे तेच साक्षीदार होते. याचे उदाहरण चारमिनारवरच आहे. त्याच्या चारही बाजूंना जी घड्याळे दिसतात, ती मूळची नव्हेत. १८८९ साली बसविलेली आहेत. तेव्हा एखाद्या जुन्या छायाचित्रात चारमिनारवर घड्याळ दिसत नसेल, तर त्यावर तारीख लिहिलेली नसली तरी ते १८८९ च्या आधीचे हे निश्चित ठरते. काढणाऱ्याच्या मनात हा पुरावा ठेवण्याचा हेतू असेलच असे नाही. पण त्याने इमारत पूर्ण टिपली म्हणून तो पुरावा आपल्याला मिळाला.

त्या काळी हैदराबादेत राजा दीनदयाळ यांचे मोठे नाव होते. मेरठजवळच्या सरधन्याचा त्यांचा १८४४ चा जन्म, रुडकीस अभियांत्रिकीचे शिक्षण, इंदुरास नोकरी, आणि पुढे सहाव्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराची जागा. निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. १९०५ साली ते वारले. त्यांच्या काळी जड कॅमेरा व काचेच्या तबकड्या वाहून न्याव्या लागत. एक चित्र घेण्यापूर्वी जागा, ऊन आणि वेळ यांचा विचार करणे भागच असे. आज आपल्या खिशातल्या यंत्राने शंभर चित्रे निघतात, आणि विचार करण्याची सक्ती मात्र उरली नाही.

साक्षीची किंमत केव्हा कळते? वस्तू नाहीशी झाली म्हणजे. हैदराबादच्या जुन्या तटाला अनेक दरवाजे होते. त्यांतले पुराना पूल व दबीरपुरा हे दोनच आज उभे आहेत. नाहीशा झालेल्या दरवाज्यांचे रूप पाहावयाचे तर जुन्या चित्रांकडेच जावे लागते. दूरचे उदाहरण पोलंडच्या राजधानीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्याने वॉर्सा शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. युद्धानंतर तेथल्या लोकांनी जुने शहर पुन्हा उभारले, तेव्हा अठराव्या शतकातील चित्रकार बेलोत्तो याची नगरचित्रे आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी व युद्धकाळात काढून ठेवलेली मोजमापांची रेखाटने त्यांच्या कामी आली. विद्यार्थ्यांच्या वह्यांतून शहराचे घाट पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट शिक्षकाने वर्गात अवश्य सांगावी अशी आहे.

चारमिनारही काही अभंग नाही. मोगल अमलात त्याचा नैऋत्येकडील मिनार वीज पडून कोसळला आणि तो साठ हजार रुपये खर्चून पुन्हा बांधला, तसेच १८२४ साली सर्व गिलावा एक लाख रुपये खर्चून नव्याने केला, असे जुन्या लेखांत नमूद आहे. अगदी अलीकडे, १ मे २०१९ च्या रात्री, मक्का मशिदीच्या बाजूच्या मिनारावरील चुन्याच्या नक्षीचा मोठा तुकडा निखळून खाली पडला. कोणास इजा झाली नाही. इमारतीचा सांगाडा ग्रॅनाइटचा असला तरी तिचे सौंदर्य या चुन्याच्या नक्षीत आहे, आणि चुना पाऊस, धूर व हादरे यांनी हळूहळू सैल होतो. अशी नक्षी पुन्हा करावयाची तर मूळ कशी होती हे दुरुस्ती करणाऱ्यास ठाऊक हवे. शेजारच्या मिनारावरचा शाबूत भाग पाहून काही कळते, आणि बाकीचे जुन्या चित्रांवरून. म्हणून ज्या छायाचित्रात मिनाराची नक्षी स्पष्ट उतरली आहे, ते उद्या कोणाच्या तरी कामी येऊ शकते.

ऊन, अंतर आणि माणूस

चित्र चांगले येण्यास महाग यंत्र लागत नाही. तीन गोष्टींचे भान लागते.

पहिली गोष्ट ऊन. पुष्कळ लोक गुलजार हौजाकडून, म्हणजे उत्तरेकडून चारमिनारचे चित्र घेतात, कारण तिकडून चारमिनार कमानीच्या चौकटीत तो सुरेख बसतो. पण सूर्य आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडून जातो. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले, तर दुपारी उत्तरेची बाजू सावलीत असते. दसऱ्यानंतर आपल्या घराच्या उत्तरेकडील भिंतीवर ऊन पडत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे उत्तरेकडून भर दुपारी घेतलेल्या चित्रात आकाश पांढरे आणि इमारत काळी उतरते. हिवाळ्यात गेलात तर नक्षीसाठी दक्षिणेची बाजू घ्यावी. सकाळी पूर्वेची, आणि दुपार उतरल्यावर लाड बाजाराकडून पश्चिमेची घ्यावी. ऊन तिरपे असले म्हणजे नक्षीच्या खाचा सावलीने उठून दिसतात. डोक्यावरचे ऊन नक्षी सपाट करून टाकते.

दुसरी गोष्ट अंतर. जवळ उभे राहून मोबाईल वर उचलला की मिनार आत झुकलेले दिसतात. ते मिनार झुकलेले नाहीत; आपले यंत्र मागे कलले आहे. यास उपाय सोपा आहे. मागे सरावे, यंत्र भिंतीसारखे उभे धरावे, आणि खाली रस्ता थोडा अधिक आला तरी येऊ द्यावा. तो पुढे कापता येतो. येथे मुलांसाठी एक भूमितीचा खेळही आहे. चौरस कागद कर्णावर दुमडला की ४५ अंशांचा कोन मिळतो. कागदाची एक कड आडवी धरून दुमडीच्या रेषेतून मिनाराचे टोक पाहात मागे मागे जावे. टोक रेषेवर आले की थांबावे. मिनाराच्या पायथ्यापासून तेथपर्यंतचे अंतर, अधिक आपल्या डोळ्यांची उंची, एवढी मिनाराची उंची. ज्याने ही उंची पावलांनी मोजली, तो ती सहसा विसरत नाही. खेळ मात्र गर्दी व वाहने पाहूनच, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावा.

तिसरी गोष्ट माणूस. घरच्या मंडळींचे चित्र काढू नये, असे मी म्हणणार नाही. आजीला चारमिनार दाखविल्याचा आनंद चित्रात यावयालाच हवा. फक्त मंडळींस यंत्राजवळ उभे न करता कमानीजवळ उभे करावे. चित्रात माणूस लहान दिसेल, पण त्याच्यामुळे कमानीची भव्यता कळेल. साडेपाच फूट उंचीचा माणूस कमानीच्या शेजारी असला म्हणजे तो मोजपट्टीचे काम करतो. असे एक चित्र घरासाठीही होते आणि इतिहासासाठीही. चेहरे मोठे हवे असतील तर दुसरे चित्र वेगळे घ्यावे.

या तीन गोष्टी सांभाळून पाच-सहा चित्रे क्रमाने घ्यावीत : चार बाजूंची चार, एका मिनाराचे पायापासून टोकापर्यंतचे एक, आणि जवळून नक्षीचे एक. कोठे भेग वा पडझड दिसली तर तिचेही घ्यावे. ती उणीव म्हणून टाळू नये.

नियम आणि रीत

चारमिनार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात आहे. या खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते, ही गोष्ट मोठ्या कुटुंबाने लक्षात ठेवावी. अशा स्मारकांच्या आवारात साधे छायाचित्र काढण्यास २०१८ पासून सर्वत्र मोकळीक आहे. ताजमहालाचा मुख्य मकबरा, अजिंठ्याची लेणी व लेहचा राजवाडा हे त्यावेळी अपवाद ठेवण्यात आले. तिपाई, दिवे वा ड्रोन वापरावयाचे असतील तर मात्र आधी रीतसर परवानगी काढावी लागते. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून स्मारकाची नासधूस करणारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भिंतीवर खिळ्याने नाव कोरणाऱ्या मुलास हे कलम सांगावेच. पण त्याआधी हे सांगावे की, चारशे वर्षांच्या चुन्यावर आपले नाव लिहिल्याने आपण मोठे होत नाही.

कायद्यापलीकडची एक रीतही असते. कोणी नमाज वा पूजा करीत असेल तर त्याच्या तोंडासमोर यंत्र धरू नये. हातगाडीवाला, बांगडीवाली, बुरख्यातली भगिनी यांचे चित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांच्यासाठी तो चौक म्हणजे रोजच्या भाकरीची जागा आहे. विचारले तर बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि नाही म्हणाले तर ‘नक्को’ हा शब्द आपल्याला समजतोच.

परत आल्यावर

छायाचित्र काढल्याने काम संपत नाही. मोबाईल हरवतो, बिघडतो, विकला जातो, आणि त्याबरोबर हजार चित्रे जातात. म्हणून प्रत्येक सहलीची निदान पाच चित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि प्रत्येकाच्या पाठीमागे चार गोष्टी पेन्सिलीने लिहाव्यात : तारीख, जागा, कोणत्या दिशेकडून घेतले, आणि चित्रात कोण आहे. पुष्कळ घरांच्या ट्रंकांत जुनी छायाचित्रे आहेत, पण त्यांतले चेहरे ओळखणारे आता उरले नाहीत. पाठीवर एक ओळ असती तर ते चेहरे अनोळखी झाले नसते.

आणि ही सवय एकदा लागली म्हणजे ती हैदराबादपुरती ठेवू नये. आपल्या शेजारी जैनथचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. परमार जगद्देवाच्या काळचा शिलालेख तेथे सापडलेला आहे. निर्मळचे बुरूज आहेत. आपल्या गावातले जुने वाडे, मशिदी, विहिरी व बाजाराच्या कमानी आहेत. चारमिनारची चित्रे काढणारे हजारो आहेत. त्याला साक्षीदारांची वाण पडणार नाही. आपल्या गल्लीतल्या वाड्याला मात्र कदाचित तुमच्याखेरीज दुसरा साक्षीदार नसेल.

ट्रस्टच्या चालकांस माझी एक सूचना आहे. या महोत्सवी वर्षापासून ट्रस्टच्या कार्यालयात एक छायाचित्रसंग्रह सुरू करावा. दरवर्षी विद्यार्थ्यांची एक सहल हैदराबादेस न्यावी आणि एक आपल्याच जिल्ह्यात काढावी. मुलांनी वर सांगितल्याप्रमाणे चित्रे घ्यावीत, पाठीवर चार ओळी लिहाव्यात आणि ती या संग्रहात जमा करावीत. खर्च अल्प आहे. आज जी मुले चारमिनारच्या कमानीत उभी राहतील, ती पुढच्या महोत्सवात आपल्या मुलाबाळांना घेऊन हा संग्रह चाळतील, आणि तेव्हा कोणा नातवाने ‘हे कोण, हे कोठले, हे केव्हाचे?’ असे विचारले, तर उत्तर चित्राच्या पाठीवर सापडेल.